उबुंटूत 'वायर्ड' गायब: माझा अनुभव
उबुंटू 22.04 या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमवर नवा कर्नल (सिस्टिमचा गाभा) हाताने टाकला, मशीन रीस्टार्ट केलं आणि सेटिंग्जमधून 'वायर्ड' (केबलने नेट) हा पर्यायच गेला. टर्मिनलमध्ये नेटवर्क जोडण्या दाखवणारी 'आयपी लिंक' ही कमांड दिल्यावर फक्त 'एलओ' (मशीनची स्वतःशीच असलेली अंतर्गत जोडणी) दिसे.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून नवी केबल आणली, राउटरचा पोर्ट बदलला, पावसाळी दमटपणाचा संशय म्हणून सॉकेटही पुसलं. दोन संध्याकाळी फुकट गेल्या, जीव अगदी मेटाकुटीला आला.

उलगडा 'एलएसपीसीआय -के' ने झाला; ही कमांड मशीनमधली कार्डं आणि त्यांचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारे प्रोग्रॅम) दाखवते. इथरनेट (केबलने नेट जोडणारं) कार्ड यादीत होतं, पण त्याखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळ नव्हती. कार्ड शाबूत, ड्रायव्हर नाही! माझ्या कार्डाचा ड्रायव्हर 'लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा' पॅकेजमध्ये असतो, आणि तेच माझ्याकडून राहिलं होतं.

मग रीस्टार्ट करताना एस्केप दाबून (जुन्या बायॉसवर शिफ्ट) ग्रब मेनू (कोणता कर्नल सुरू करायचा ते निवडण्याची यादी) उघडला. 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून जुना कर्नल निवडला. नेट लगेच आलं. टर्मिनलमध्ये आधी 'सुडो ॲप्ट अपडेट', मग 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल' आणि पुढे 'लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा-' ला जोडून नव्या कर्नलची पूर्ण आवृत्ती. इथे 'यूनेम -आर' वापरू नका, ते चालू असलेल्या जुन्या कर्नलचा आकडा देतं. नवा आकडा बूट फोल्डरमधल्या 'व्हीएमलिनझ' फाइलच्या नावात मिळतो.

पुन्हा रीस्टार्ट केलं, या वेळी नव्या कर्नलवर. पोर्टवरचा हिरवा दिवा लुकलुकला.