हात लावण्याआधी
बडोद्यात दांडिया बाजारात फिजिओथेरपीची प्रॅक्टिस करताना ‘काकू, पाय सैल सोडा’ म्हणेपर्यंत माझा हात गुडघ्यावर गेलेला असायचा. इंग्लंडमध्ये एचसीपीसीची, म्हणजे तिथल्या फिजिओथेरपिस्टची नोंद ठेवणाऱ्या संस्थेची, नोंदणी झाली, कामावर रुजू झाले आणि दुसऱ्याच आठवड्यात एका आजोबांनी पाय आखडून घेतला. मी न विचारता हात लावला होता. फार लागलं मनाला.

मग रोज कामावर निघण्यापूर्वी आईला व्हिडिओ कॉलवर बसवून सराव केला. आधी आपलं नाव, मग काय करणार ते, मग ‘हात लावू का?’ आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहायचं. संमती नोंदीतही लिहायची. ते गप्प राहणंच मला सगळ्यात जड गेलं.

महिन्याभराने आजोबांनी मान डोलावली, पाय सैल सोडला. सांधा किती वाकतो ते मोजणाऱ्या गोनिओमीटरवर 90 अंश!