पेंटिंगच्या आधीचं स्केच : या चुका टाळा

वॉटरकलर करायचंय आणि खाली स्केच ६बी या मऊ, काळ्याकुट्ट पेन्सिलने, तेही फुल शेडिंग करून. ही चूक इतक्या वेळा बघितलीय की आता सांगायचाही कंटाळा येतो, तरी सांगतो. मध्ये एका रविवारी सकाळी मुंबईत बाणगंगा तलावाला स्पॉटवर बसलो होतो, शेजारी एक कॉलेजचा मुलगा, हात खरंच चांगला, त्याने दीपमाळ, पायऱ्या, मागची देवळं सगळं ६बी ने घासून घासून काळं केलं. स्केच म्हणून फ्रेम करावं इतकं मस्त. मग त्यावर उन्हाचा पिवळा वॉश, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा हात, मारला आणि पिवळ्याचा झाला शेवाळी, कारण मऊ ग्रॅफाईट, म्हणजे पेन्सिलचं शिसं, पाण्याबरोबर सुटतं आणि पिवळ्यात काळं मिसळलं की ते हिरवटच दिसणार. पठ्ठ्याने ओल्या पेपरवरच खोडरबर चालवला. मी "अरे थांब, सुकू दे" म्हणेपर्यंत सायझिंग, म्हणजे पेपरला पाणी लगेच शोषू न देणारा लेप, निघालं होतं, मग तिथे पुढचा प्रत्येक वॉश डाग पडल्यासारखा शोषला जायला लागला. चांगला ३०० जीएसएमचा जाड पेपर! वर मला विचारतो, "काका, व्हाईटने झाकू का?"

माझं साधं आहे. एचबी पेन्सिल, हलका हात, आउटलाइन आणि सावलीची हद्द, बास. सावल्या ब्रशने करायच्यात ना, मग पेन्सिलने कशाला? टोन, म्हणजे उजेड-सावलीच्या छटा, ठरवायच्या तर बाजूच्या वहीत काडेपेटीएवढं कच्चं चित्र, थंबनेल, करा, तीन टोनमध्ये. ते कोणाला नको असतं, सगळ्यांना थेट फायनल आणि संध्याकाळी इन्स्टावर. खोडायचं ते रंगाआधी, कणकेसारख्या मऊ निडेबल इरेजरने दाबून, वॉशखाली गेलेली रेघ नंतर सहज निघत नाही.

ऑईलला कॅनव्हासवर चारकोल, म्हणजे कोळशाची कांडी, घ्या आणि रंगाआधी फडक्याने झटका, नाहीतर फिकट रंग मळतात. मी तर टर्पेंटाईनमध्ये पातळ केलेल्या बर्न्ट अंबर या गडद तपकिरी रंगानेच काढतो, चुकलं की पुसलं.

खडूसारख्या सॉफ्ट पेस्टलखाली पेन्सिल नकोच, ग्रॅफाईटच्या गुळगुळीतपणावर पेस्टल धरत नाही.

अॅक्रिलिकखाली वॉटरकलर पेन्सिल वापरली तर ती विरघळणार, मग रंग खराब निघाला म्हणून दुकानदाराशी भांडू नका.

आता दुसरी आवडती चूक, माप. स्केच ए४ वर आडवं, कॅनव्हास १६ बाय २० इंच. ए४ चं लांबी-रुंदीचं प्रमाण साधारण १.४१, कॅनव्हासचं १.२५, आणि लोक दोन्हीवर सारख्याच संख्येच्या चौकोनांची ग्रिड मारून मोकळे होतात, मग ससून डॉकच्या मासळी बंदरावरच्या कोळणी उंच सडपातळ मॉडेल होतात आणि होड्या आखूड. बरं, सांगितलं तर "स्टाईल आहे" म्हणतात. आधी ए४ वर कॅनव्हासच्या प्रमाणाची चौकट आखा, २५ बाय २० सेंटिमीटर, आणि स्केच त्याच्या आतच करा, मग चौकोनांना चौकोन जुळतात.

ऑफिसचा निळा कार्बन पेपर लावून ट्रेसिंग तर अजिबात नको, ती रेघ मेणचट असते, खोडली जात नाही आणि पाणी तिच्यावरून पळतं. ट्रेसिंग पेपरच्या मागे २बी घासा, तेवढ्याने काम होतं, पाच मिनिटं जास्त जातील, जाऊ देत.

आणि चारकोलवर फिक्सेटिव्ह, म्हणजे तो पक्का धरून ठेवणारा स्प्रे, मारायचा तर वन रूम किचनमध्ये गॅस चालू असताना नको, स्प्रे पेट घेतो. गॅलरीत जा, शेजाऱ्यांचे कपडे वाळत नाहीत ना तेवढं बघून घ्या.