संपात तुम्ही नाही, मग पगाराचं आणि रजेचं काय?

मी पंचवीस वर्षं एका इंजिनिअरिंग कारखान्याच्या टाइम ऑफिसात काम केलं. आधी हजेरीचं कागदी मस्टर, मग पंचिंग मशीन. तेवढ्या काळात दोन संप झाले. दोन्ही वेळी महिनाअखेरीला माझ्या खिडकीशी जी माणसं डोळ्यांत पाणी आणून उभी राहिली, त्यातली बरीचशी संपकरी नव्हतीच. कुणी युनियनची वर्गणी न भरणारं, कुणी नुकतंच कायम झालेलं, कुणी ठेकेदाराकडचं. "मॅडम, मी संपात नव्हतो, मग माझे दिवस का कापले?" हाच प्रश्न. त्याचं उत्तर संप सुरू होण्याआधी माहीत असायला हवं, म्हणून हे लिहिते आहे.

पहिली गोष्ट, मस्टरला युनियन दिसत नाही. रकान्यात हजर, रजा, ले-ऑफ (कंपनीला काम देता आलं नाही म्हणून तात्पुरतं बसवणं) किंवा खाडा, एवढंच लिहिलं जातं. सभासद नाही म्हणून पगार आपोआप चालू राहत नाही, आणि बंदही होत नाही. त्या दिवशी तुम्ही काय केलंत आणि त्याचा कागद काय आहे, यावर सगळं ठरतं.

आत जाऊन काम केलंत तर पगार पूर्ण. फक्त एक जपा. संपात बऱ्याचदा मागच्या गेटने आत घेतात आणि पंचिंग मशीन राहतं मुख्य गेटवर. अशा वेळी सुपरवायझरकडून हाताने लिहिलेल्या हजेरीवर रोज सही घ्या आणि तिचा फोटो काढून ठेवा. आणि आत जाऊन, आजूबाजूच्यांच्या दबावाखाली का होईना, मशीनसमोर हात बांधून बसलात तर कायदा त्याला गैरहजेरीच मानतो.

खरी गोची गेटबाहेर अडकलेल्यांची होते. दुसऱ्या संपात एक तरुण फिटर सहा दिवस पहिल्या पाळीला आला. घोषणा चालू होत्या, पुढे जायचा धीर झाला नाही. रस्त्यापलीकडे नऊपर्यंत थांबून घरी जायचा. कुणाला फोन नाही, चिठ्ठी नाही. मस्टरवर सहा खाडे पडले आणि वर कारणे दाखवा नोटीसही गेली. त्याच सहा दिवसांत स्टोअरमधली एक हेल्पर बाई रोज सात-सव्वासातला सुपरवायझरला मेसेज करत होती: "सर, पहिल्या पाळीला आले आहे, गेट अडवलं आहे, आत येता येत नाही." पहिल्याच दिवशी तिने सिक्युरिटीकडे अर्ज देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली होती. चौकशीच्या यादीतून तिचं नाव दोन मिनिटांत निघालं, आणि मागणी केली म्हणून ते सहा दिवस तिच्या हक्काच्या रजेत टाकले गेले. त्या मुलाचे सहाही दिवस बिनपगारी गेले. तो रोज आला होता हे मला माहीत होतं, खिडकीतून दिसायचा. पण माझ्या माहितीवर मस्टर चालत नाही.

गेटपर्यंत गेलात म्हणून त्या दिवसाचा पगार मिळेलच, असं मी सांगणार नाही. 'काम नाही तर दाम नाही' हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली एका बँकेच्या खटल्यात उचलून धरलं. संप कायदेशीर आणि समर्थनीय, दोन्ही असेल तरच संपकाळाचा पगार मिळू शकतो, हे घटनापीठाने १९९४ साली स्पष्ट केलं. पण नोंद असेल तर त्याहून मोठी कात्री टळते. दहा किंवा जास्त जण संगनमताने, आगाऊ सूचना न देता आणि योग्य कारण नसताना गैरहजर राहिले, आणि नोकरीच्या अटींत अशा सूचनेचं कलम असेल, तर गैरहजेरीच्या दिवसांखेरीज आठ दिवसांपर्यंतचा पगार कापता येतो. म्हणजे तीन दिवस घरी बसलात तर अकरा दिवसांचा पगार जाऊ शकतो. ही तरतूद १९३६ च्या वेतन कायद्यात होती आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही आहे. 'मी संगनमतात नव्हतो' हे दाखवायला तुमच्याकडे तो मेसेज आणि ती पोचच असते.

अर्ज चार ओळींचा पुरे: "मी अमुक विभागात, तिकीट नंबर अमुक. सध्याच्या संपात माझा सहभाग नाही. आज दिनांक अमुक रोजी पहिल्या पाळीसाठी सकाळी ६.५० ला गेटवर हजर होतो. आत जाता आलं नाही. काम करायची माझी तयारी आहे, कुठून व कसं यायचं ते कळवावं." शेवटचं वाक्य गाळू नका. त्याने चेंडू कंपनीकडे जातो. गेटवर मात्र धक्काबुक्कीत पडू नका. काम करू इच्छिणाऱ्याला अंगबळाने अडवणं ही कायद्याने अनुचित कामगार प्रथा आहे, पण तो वाद तुम्ही गेटवर सोडवायचा नसतो. बाहेर उभे आहेत ते तुमचेच सोबती आहेत, आणि संप मिटल्यावर त्यांच्याच शेजारी उभं राहून काम करायचं आहे.

आत गेलात पण लाईनच बंद आहे, तर नोटीस बोर्ड बघा. ले-ऑफची नोटीस लागलेली नसेल आणि तुम्हाला बसवून ठेवलं असेल, तर हजेरी पूर्ण मागा. पाळीच्या वेळेला हजर राहूनही दोन तासांत काम दिलं नाही, तर तो दिवस ले-ऑफचा धरतात. ले-ऑफची भरपाई मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मी. त्यासाठी आस्थापनेत किमान पन्नास कामगार, तुमची वर्षभराची सलग नोकरी आणि मस्टरवर नाव लागतं. बदली कामगाराला, म्हणजे दुसऱ्याच्या जागी तात्पुरतं घेतलेल्याला, ती नाही. कामाच्या वेळेत दिवसातून एकदा हजेरी लावली नाहीत तरी हक्क जातो. आणि एक कलम कुणी सांगत नाही: त्याच आस्थापनेच्या दुसऱ्या भागात संप आहे म्हणून तुमचं काम थांबलं असेल, तर भरपाई देणं बंधनकारक नाही. संप माल पुरवणाऱ्या दुसऱ्या कंपनीत असेल तर मात्र हे कलम लागू होत नाही. म्हणून ले-ऑफच्या नोटिशीत कारण काय लिहिलंय ते शब्दन् शब्द वाचा.

सुपरवायझरच्या हुद्द्यावर असाल आणि पगार महिना १८,००० रुपयांच्या वर असेल, तर औद्योगिक संबंध संहितेत तुम्ही 'कामगार' नाही. तुमचा आधार नेमणूकपत्र.

आता रजा. संपाची नोटीस लागल्यावर टाकलेली रजा मंजूर होईल ही आशा ठेवू नका. आधी मंजूर झालेली असेल तर मंजुरीची प्रत घरी ठेवा आणि संप सुरू झाल्या दिवशी ऑफिसला कळवा, "माझी रजा पूर्वमंजूर आहे." किरकोळ रजेबाबत विशेष सांभाळा. एकाच दिवशी निम्म्या किंवा जास्त कामगारांनी ठरवून किरकोळ रजा टाकली, तर औद्योगिक संबंध संहितेत तो संपच आहे. तुमच्या घरी खरंच बाळंतपण असेल तर दवाखान्याचा कागद अर्जाला जोडा.

आजारपणाचंही तसंच. ईएसआयचा (कामगार विमा योजनेचा) आजारपणाचा लाभ संपात सहभागी असलेल्या दिवसांना मिळत नाही. ताप पहिल्या दिवशी आला तर दवाखान्यात पहिल्याच दिवशी जा. चौथ्या दिवशी मागच्या तारखेचं सर्टिफिकेट मागत फिरणारे मी पाहिलेत, आणि संपाच्या महिन्यात त्यांच्या कागदाकडे सगळे संशयानेच बघतात.

ठेकेदाराच्या माणसांनी कंपनीच्या नव्हे, ठेकेदाराच्या हजेरी वहीत नाव लागतंय का ते बघावं. केलेल्या कामाचा पगार ठेकेदाराने बुडवला, तर तो देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते.

संप मिटला की करार होतो. सलोखा अधिकाऱ्यासमोर, म्हणजे वाद मिटवायला बसणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यासमोर, झालेला करार सभासद नसलेल्यांनाही बांधतो, पगारवाढीसकट. त्यात संपाच्या दिवसांचं एक कलम बहुधा असतं: दिवस रजेत वळवायचे, सुट्टीला काम करून भरून काढायचे, की बिनपगारी. ते कलम मागवून घेऊन वाचा, आणि त्या महिन्याची पगारचिठ्ठी समोर ठेवून खाडे मोजा. जुळलं नाही तर आधी टाइम ऑफिसला लेखी द्या, पोच घ्या. तिथे दाद लागली नाही तर कामगार आयुक्त कार्यालय. वेतन संहितेत दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे, पण मेसेज आणि पोच तेवढे दिवस फोनमध्ये टिकतीलच असं नाही. त्यांची छापील प्रत त्याच आठवड्यात काढा आणि पगारचिठ्ठीला टाचून ठेवा.