ताटं मांडली की प्रार्थना

'रोज साडेआठला घरी उपासना' असं ठरवलेल्या ख्रिस्ती घरांत ती महिन्याभरात मोडते, हे मी पुष्कळ ठिकाणी पाहिलंय. आमच्या खानापुरातून बेळगावला कामाला जाणारे खूप. माझा मुलगा उद्यमबागेत फाउंड्रीत आहे, पाळी दर आठवड्याला बदलते. म्हणून घड्याळ धरू नका, रोज होणारंच असं एखादं काम धरा. आमच्याकडे ताटं मांडली की वाढण्याआधी बसायचं. असतील तेवढ्यांनी बसावं. पाळीवर गेलेल्याचं नाव मात्र प्रार्थनेत घ्यायचंच.

वाचन थोडकं ठेवा. बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानाचे 16 अध्याय. रोज अर्धा घेतला तर महिन्याभरात सगळं शुभवर्तमान होतं. अगदी लहान मूल वाचणार असेल तर 117वं स्तोत्र द्या, दोनच वचनं आहेत. माझी सून गोकाककडची, कन्नड शाळेत शिकलेली. ती तिच्या कन्नड बायबलमधूनच वाचते, आणि तसंच असावं. नातवंडांना दोन्ही कळतं.

मुलांना 'देवा, सगळ्यांचं भलं कर' एवढ्यावर सोडू नका. कोणाचं, काय, ते बोलू द्या. शेजारच्या मावशींचा गुडघा दुखतो म्हणून प्रार्थना केली, तर दुसऱ्या दिवशी त्याच मुलाच्या हातून त्यांच्याकडे आमटीचा डबा पाठवा.

भांडणाच्या दिवशी काय करायचं, हे खरं अवघड. त्या दिवशी उपासना टाळायची नाही, पण लगेच सुरूही करायची नाही. मत्तयाच्या 5व्या अध्यायात येशू सांगतो, अर्पण वेदीपुढे तसंच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. तेव्हा मोठ्यांनी आधी तोंड उघडावं. सासूनं सुनेला, बापानं पोराला, सगळ्यांसमोर म्हणावं, "चुकलं माझं." भात निवला तर निवू दे. मग नुसती प्रभूची प्रार्थना म्हणा. त्यातलं 'तू आमची ऋणे आम्हांस सोड' हे त्या रात्री पोरांना समजावून सांगावं लागत नाही.

गाणं हवंच. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची अभंगाच्या चालीची गीतं टाळावर छान बसतात. टाळ धाकट्याच्या हाती द्या. पावसाळ्यात इथं लाईट सारखी जाते, तेव्हा 23वं स्तोत्र सगळ्यांना पाठ असू द्या. सहाच वचनं आहेत.

रविवारी आम्ही घरी वेगळं वाचन ठेवत नाही. चर्चमधून येताना वाटेत मुलांना विचारावं, "पाळकसाहेबांनी आज काय सांगितलं?" नाही आठवलं तर रागावू नये, आपण सांगावं.