होम थिएटर बदलायचं की नाही? आधी सोफा हलवून बघा

दिवाळी जवळ आली की कोणी ना कोणी विचारतं, "जुना फाइव्ह पॉइंट वन (पाच स्पीकर आणि बाससाठी एक सबवूफर) काढून नवीन घेऊ का?" पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जाण्याआधी एक रविवार घरीच काढा. आणि "जास्त वॅटचा घे" असं कोणी सांगितलं तर ते मुळीच ऐकू नका. वॅट दुप्पट झाले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे कानाला जरासाच मोठा वाटतो.

पहिल्यांदा तक्रार नेमकी काय ते ठरवा. संवाद कळत नाहीत, बास (खालचे, जाड सूर) घुमतो की बास येतच नाही? प्रत्येकाचा इलाज वेगळा.

स्पीकरच्या वायरींचे प्लस-मायनस दोन्ही टोकांना जुळतात का ते तपासा. रिसीव्हरमध्ये (सगळे स्पीकर ज्याला जोडलेले असतात त्या डब्यात) क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचे सूर सबवूफरकडे जातात ती सीमा, ८० हर्ट्झवर ठेवा.

संवाद पुसट वाटत असतील तर टीव्हीच्या कपाटात आत ढकललेला सेंटर स्पीकर फळीच्या काठापर्यंत पुढे ओढा, त्याचं तोंड कानांकडे करा आणि त्याची पातळी २-३ डेसिबलने वाढवा. बहुतेक घरांत एवढ्याने भागतं.

खरी कसोटी बासची. यात मी स्वतः फसलो आहे. कोथरूडच्या आमच्या फ्लॅटचा हॉल १४ फुटी. सोफ्यावर बसलं की बास गायब, स्वयंपाकघराच्या दारात उभं राहिलं की छाती हादरायची. दुकानदाराने मोठा सबवूफर गळ्यात मारला. घरी आणून लावला, तरी रडगाणं तेच.

कारण खोलीतच होतं. ४० हर्ट्झची लाट साधारण २८ फुटांची, म्हणजे १४ फुटांत तिचा बरोबर अर्धा भाग बसतो. अशा वेळी भिंतींपाशी दाब सर्वांत जास्त आणि खोलीच्या मधोमध जवळजवळ शून्य असतो. आमचा सोफा नेमका मधोमध होता. तिथे आवाज कितीही वाढवा, लाटा एकमेकींना खाऊन टाकतात. सोफा दोन-अडीच फूट मागे सरकवला आणि बास परत आला. मात्र तो पार भिंतीला टेकवू नका, तिथे बास घुमायला लागतो.

सोफा हलवणं शक्य नसेल तर उलटं करा. सबवूफर उचलून सोफ्यावर, तुमच्या बसायच्या जागी ठेवा. बास गिटार ठळक असलेलं गाणं लावा आणि भिंतीकडेने अक्षरशः रांगत फिरा, कान जमिनीलगत ठेवून. जिथे सगळे सूर सारख्या जोराने ऐकू येतील तिथे सबवूफर ठेवायचा. जिथे सर्वांत दणदणीत वाटेल तिथे नाही! मी आधी तीच चूक केली, दणका बसतो म्हणून कोपरा निवडला. एकच सूर भोंग्यासारखा वाजत राहिला आणि खालच्या मजल्यावरचे आजोबा जिना चढून वर आले.

मग रिसीव्हरचं माइकवालं कॅलिब्रेशन, म्हणजे माइकने ऐकून स्पीकरच्या पातळ्या आपोआप जुळवणं, पुन्हा करा. माइक हातात धरू नका, कानाच्या उंचीवर स्टँडला लावा. नंतर सेटिंगमध्ये छोटे स्पीकर 'लार्ज' झालेले दिसले तर 'स्मॉल' करा, म्हणजे त्यांचा बास सबवूफरकडे जाईल.

एवढं करून आठवडाभर ऐका. तरीही तक्रार राहिली तर खर्च जरूर करा, पण जिथे दुखतं तिथेच. स्पीकरच्या कोनभोवतीचा (हलणाऱ्या पडद्याभोवतीचा) फोम कुजून सुटला असेल तर तो बदलून मिळतो. रिसीव्हरला एचडीएमआय नसेल तर फक्त रिसीव्हर बदला, मात्र आधी स्पीकरच्या मागे लिहिलेले ओहम (विजेला होणारा विरोध) बघा. नव्या रिसीव्हरला किमान ६ ओहम चालत असतील आणि तुमच्या जुन्या संचाचे स्पीकर ३ किंवा ४ चे असतील तर ती जोडी लावू नका. ॲटमॉससाठी (डोक्यावरूनही आवाज येतो असं वाटायला लावणारा डॉल्बीचा प्रकार) ईआर्क लागतंच असं दुकानात सांगतील. आर्क म्हणजे टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलवरून रिसीव्हरकडे पाठवायची सोय, ईआर्क ही तिची सुधारित आवृत्ती. ओटीटीवरचं ॲटमॉस साध्या आर्कवरूनही जातं, टीव्ही आणि रिसीव्हर दोघांना ते चालत असेल तर. ऑप्टिकल केबलवरून मात्र जात नाही. ईआर्क लागतं ते टीव्हीला जोडलेल्या ब्लू-रे प्लेअरचा ट्रूएचडी (काटछाट न केलेला) आवाज पूर्ण हवा असेल तेव्हा.