शिबिर झालं, आता घरी काय करायचं?

इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रावर किंवा दुसरीकडे कुठे १० दिवसांचं विपश्यना ध्यानाचं शिबिर करून आलं की पहिला आठवडा भारी जातो, मग ऑफिस, लोकल, पोरांचे डबे सुरू झाले की ध्यानाची रोजची बैठक सुटते. शिबिरात सांगतात सकाळ-संध्याकाळ एकेक तास, जमलं तर बेस्टच, पण संध्याकाळचा होत नाही म्हणून सकाळचाही सोडू नका आणि मोबाईल हातात घ्यायच्या आधीच बसा. मन फारच सैरभैर असेल तर आधी आनापान, म्हणजे नाकपुड्यांशी येणारा-जाणारा श्वास नुसता बघायचा, मुद्दाम लांब-आखूड करायचा नाही, जरा थाऱ्यावर आलं की मग अंगावरच्या संवेदना.

खरी कसोटी भांडणात. साहेब ओरडला की कान तापतात, छाती धडधडते, तिथे क्षणभर लक्ष द्या आणि मग बोला. (सगळं मुकाट सहन करा असं नाही म्हणत हां.)

आणि शिबिरांत सेवा द्याच. १० दिवसांचं एक शिबिर पूर्ण केलं असेल तर धम्मसेवक म्हणून अर्ज करता येतो, पैसे मिळत नाहीत, पंचशील पाळायचं, रोज तीन वेळा सामूहिक साधनेला बसायचं, बाकी वेळ भाज्या चिरा, ताटं मांडा. आमटीत मीठ किती यावरूनसुद्धा दोन सेवकांचं वाजतं, तेव्हा कळतं आपण किती पाण्यात आहोत ते! सुट्टी मिळत नसेल तर जवळपास आठवड्याची सामूहिक साधना कुठे होते ते केंद्रावर विचारा.