कान्हेरीच्या माकडांची नोंद कशी ठेवावी

माकडांच्या वर्तनाचा अभ्यास करण्यासाठी मुंबईकराने आफ्रिकेलाच गेले पाहिजे असे नाही. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, विशेषतः कान्हेरी लेण्यांच्या आसपास, त्याची सुरुवात करता येते. हौसेने पाहण्यापलीकडे जायचे असेल, तर वनविभागाची लेखी परवानगी आधी घ्यावी.

प्रथम ओळख पक्की करावी. काळ्या तोंडाचे ते वानर. माकडांपैकी ज्याच्या डोक्यावर केसांची टोपी आणि मागे लांबलचक शेपूट असते ते बॉनेट मकाक. शेपूट आखूड आणि कमरेखालचा भाग तांबूस असेल तर ते ऱ्हीसस. बॉनेट मकाक जगात केवळ भारतीय द्वीपकल्पात आढळते, म्हणून त्याच्या नोंदींचे मोल अधिक. फाटलेला कान, वाकडी शेपूट, ओठावरचा व्रण अशा खुणांवरून टोळीतील एकेक माकड ओळखता येईपर्यंत निष्कर्षांची घाई करू नये.

खरी कसोटी नोंदीच्या पद्धतीची आहे. नजरेत भरेल ते लिहीत गेल्यास वही भांडणांनी भरते, कारण भांडण दूरवरून ऐकू येते आणि तासभर पिलाच्या उवा काढणारी मादी मात्र दिसूनही नोंदीबाहेर राहते. हा दोष टाळण्याच्या पद्धती प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक जीन ऑल्टमन यांनी १९७४ मध्ये सविस्तर मांडल्या. चिठ्ठी टाकून एक माकड निवडावे आणि दहा मिनिटे त्याचेच वर्तन टिपावे, मग ते झोपून राहिले तरी चालेल. शिवाय दर पंधरा मिनिटांनी टोळीवर नजर फिरवून प्रत्येक माकड त्या क्षणी काय करते आहे ते लिहावे. खाणे असेल, तर रानातले की पर्यटकांनी दिलेले, हे वेगळे नोंदवावे. माणसांवरचे अवलंबित्व कितपत आहे, हे संवर्धनासाठी याच आकड्यांतून कळते.

‘रागावला’ असे लिहू नये, ‘दात दाखवले’ असे लिहावे. ऱ्हीससमध्ये दात दाखवणे ही बहुधा शरणागतीची खूण असते. मानवी उत्क्रांतीविषयी बोलताना तर अधिकच जपावे: या माकडांचे आणि आपले समाईक पूर्वज सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वीचे आहेत, त्यामुळे समोरचे माकड आपला पूर्वज नव्हे, दूरचा चुलत भाऊ आहे, आणि एखादे वर्तन अनेक जातींत ताडून पाहिल्यावाचून त्याला प्राचीन म्हणता येत नाही.

डबा पिशवीत बंद ठेवावा. टांझानियातील गोम्बेच्या जंगलात अभ्यासकांनी केळी ठेवल्यावर चिंपांझींमधील मारामाऱ्या वाढल्या होत्या. कान्हेरीत एका बिस्किटाने त्या दिवसाची नोंद वाया जाते.